वखारवाले साडू

माझ्या थोरल्या साडूंनी जपानमध्ये सहा वर्षं काढली, पण त्या सहा वर्षांत त्यांनी जपान असं पाहिलंच नाही. त्यांनी पाहिला तो हॉलंड. टोकियोत उतरलेला भारतीय माणूस पहिल्या आठवड्यात गाड्यांच्या वक्तशीरपणानं भारावतो, दुसऱ्या आठवड्यात कचऱ्याच्या वर्गवारीनं गांगरतो आणि तिसऱ्या आठवड्यात वरणभाताच्या आठवणीनं हळवा होतो. साडू यांपैकी कुठल्याच टप्प्यावर थांबले नाहीत. एका व्यापारी कंपनीच्या नेमणुकीवर ते आले, ओजिमातल्या सरकारी वसाहतीत अकराव्या मजल्यावर राहू लागले, आणि पहिल्याच रविवारी ग्योतोकुला आमच्या घरी येऊन बूट काढता काढता म्हणाले, "अरे पुणेकरा, तू इतकी वर्षं इथं राहून मला एका शब्दानं बोलला नाहीस? हा सगळा देश वलंदाज आहे!"

वलंदाज म्हणजे डच. हा शब्द आता बखरींत आणि आमच्या साडूंच्या तोंडात, एवढ्या दोनच ठिकाणी उरला आहे. साडू वेंगुर्ल्याचे. तिथं बंदरापासून जवळच साडेतीनशे वर्षांहून जुनी वलंदाजांची वखार आहे. वखार म्हणजे परक्या व्यापाऱ्यांचं ठाणं. कोठार, कचेरी, राहायच्या खोल्या, वेळ पडली तर तोफा, सगळं एका आवारात. आता भिंती आहेत, छप्पर नाही, आणि दिवाणखान्यात झाडं उगवली आहेत. साडूंचं घर तिच्या पाठीमागं. बाकीची मुलं क्रिकेट खेळायची त्या वयात हे वखारीत शिरून पावलं मोजायचे. पूर्वेची भिंत इतकी पावलं, पश्चिमेची इतकी, मिऱ्याचं कोठार इतकं. ही सवय त्यांची पुढं सुटली नाही. ओजिमाच्या इमारतीचा लांबलचक व्हरांडा त्यांनी मला दोनदा चालून दाखवला. "हे बघ, इथं आलास की वखारीचा दरवाजा. आणि त्या जपानी आजीबाईंचं वॉशिंग मशीन आहे ना, तिथं तोफ." त्या आजीबाई दार उघडून बाहेर आल्या, आणि साडूंनी तोफेच्या जागेवरून त्यांना वाकून नमस्कार केला.

जपानी माणसं हॉलंडला 'ओरांदा' म्हणतात. हे साडूंना कळलं तो दिवस मला आठवतो, कारण त्या दिवशी त्यांनी ऑफिसातून मला चार फोन केले. "ओरांदा! वलंदा! वलंदाज! कळला तुका? एकच शब्द! तो इथं पूर्वेला आला आणि आमच्याकडे पश्चिमेला लागला, तरी एकमेकांना ओळखतो!" साडू एरवी शुद्ध बोलत, उकळी फुटली की मालवणीवर येत. महिन्याभरात त्यांच्या ऑफिसातली माणसं त्यांना आडनावानं हाक मारायची विसरली आणि 'ओरांदा-सान' म्हणू लागली. साडूंना या पदवीचा इतका आनंद झाला की त्यांनी ताईंना, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, घरीही तसंच म्हणायला सांगून पाहिलं. ताई म्हणाल्या, "ओरांदा-सान, गॅस बंद करा आधी."

डचांनी जपानी भाषेत शब्द पुष्कळ टाकून ठेवलेत, हे मला साडूंमुळे कळलं. बिअरला बीरू, काचेला गारासु, कॉफीला कोही, पेल्याला कोप्पु. इतर कुणी वहीत यादी केली असती. साडू शब्द भेटला की जागच्या जागी त्याचं स्वागत करत. कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, म्हणजे सदैव उघड्या असणाऱ्या दुकानात, कॉफी घेतली की आधी पेल्याकडे बोट दाखवून "वलंदाज", मग आतल्या कॉफीकडे बोट दाखवून "हीसुद्धा वलंदाज". काउंटरवरच्या नेपाळी मुलीला वाटलं की ते झाकण मागताहेत. तिनं दोन झाकणं दिली. शाळकरी मुलांच्या पाठीवरच्या कडक दप्तराला रान्दोसेरु म्हणतात, तोही शब्द डच. एका दुपारी आमच्या घरी येताना साडूंना समोरून वीसपंचवीस दप्तरं चालत येताना दिसली. ते फुटपाथच्या कडेला उभे राहिले आणि प्रत्येक दप्तराला मानानं "वलंदाज, वलंदाज" म्हणू लागले. दुसऱ्या दिवशी शाळेकडून पालकांना सूचना आली, की परिसरात एक अनोळखी गृहस्थ मुलांना अपरिचित भाषेत काही सांगताना दिसले आहेत, तरी सावध राहावं. आमच्या मुलीनं ती मला वाचून दाखवली आणि थंडपणे म्हणाली, "बाबा, कोरे काका दा योने?" म्हणजे, हे आपले काकाच ना?

पण या सगळ्या वलंदाजी उत्साहाच्या तळाशी साडूंचा एकच प्रश्न होता, आणि तो त्यांनी जन्मभर जपला होता. ज्या डच कंपनीची वेंगुर्ल्याला वखार होती, त्याच कंपनीची दुसरी वखार नागासाकीला होती, देजिमा नावाच्या एवढ्याशा बेटावर. जपाननं बाकी जगाला दार लावून घेतलं होतं तेव्हा दोनशे वर्षं ती एक फट उघडी होती. "म्हणजे वेंगुर्लं आणि नागासाकी सख्ख्या बहिणी की नाही?" साडू ताटावर ट्रेसिंग पेपर पसरून विचारत. त्यावर वेंगुर्ल्याच्या वखारीचा पावलांनी मोजलेला नकाशा होता, आणि आमटीचे डाग पडून त्यात काही नवी बंदरंही तयार झाली होती. "मग एका बहिणीच्या कागदपत्रांत दुसरीचं नाव असेल का? मला काही नको. तिथं कुणीतरी जाणकार गाठायचा आणि एवढंच विचारायचं, तुमच्याकडे कुठं वेंगुर्ला असं लिहिलेलं आहे का. हो म्हटलं तर हो. नाही म्हटलं तर नाही. पण विचारायचं." गावात सगळे त्या पडक्या भिंतींना गुरं बांधायची जागा समजत. साडूंना एका परक्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं की त्यांचं गाव कधीतरी जगाच्या हिशेबात होतं.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, जे मला आवडत नाही. मी ब्रिज इंजिनिअर आहे. पूल बांधणारा इंजिनिअर नव्हे. जपानी गिऱ्हाईक आणि पुण्याची टीम यांच्यामध्ये स्वतःच आडवा पडलेला पूल. गिऱ्हाईक चाळीस मिनिटं लालेलाल होऊन बोलतं, मी पुण्याला सांगतो, "जरा बघून घ्या म्हणताहेत." पुण्याची टीम म्हणते, "वेड लागलंय का यांना, हे सात जन्मांत होणार नाही." मी वळून सांगतो, "केन्तो शिमास", म्हणजे विचार करतो. दोन्ही बाजू समाधानानं जेवायला जातात. पंधरा वर्षं मी लोकांच्या बोलण्यातली वाफ सोडून देऊन कोमट पाणी पुढं पाठवत आलो आहे, आणि ऑफिसात मला यासाठी मान आहे. साडूंना माझ्या जपानीबद्दल याहून मोठा, अगदी भाबडा आदर होता. आमच्या घरी कुणी आलं की सांगायचे, "हा आमचा पुणेकर. आपल्याशी बोलत नाही, पण जपान्यांशी काय बोलतो!"

साडूंची बदली परत मुंबईला झाली आणि जाण्याआधी नागासाकी हे ठरलं. दोघी बहिणींनी यायला साफ नकार दिला. "भावोजींबरोबर हॉलंड बघायला?" माझी बायको म्हणाली, "त्यापेक्षा आम्ही ओजिमाचं घर आवरतो." तेव्हा वसंतातल्या सुट्टीत आम्ही दोघंच निघालो. साडूंचं म्हणणं, जहाजानं जायला हवं, वलंदाज जहाजानं आले. बुलेट ट्रेनवर त्यांना राजी करायला मला एक संपूर्ण रविवार लागला. ट्रेनमध्ये त्यांनी घावणे आणि नारळाची चटणी काढली, गाडीचा डबा पावलांनी मोजला, पलीकडच्या जपानी गृहस्थांना एक घावणा दिला आणि त्यांच्या हातातल्या कॅनकडे बोट दाखवून हळूच म्हणाले, "बीरू. वलंदाज." ते गृहस्थ म्हणाले, "हाय," म्हणजे हो. साडू मला म्हणाले, "बघ, यांना माहीत आहे. तुमच्या पुण्यात कुणाला माहीत नाही."

आणि नागासाकी! तिन्ही बाजूंनी डोंगर, मध्ये आत घुसलेली खाडी, डोंगरावर चढत गेलेली घरं, घंटा वाजवत जाणाऱ्या छोट्या ट्राम. स्टेशनबाहेर पाऊल टाकताच साडूंनी दोन्ही हात पसरले. "वेंगुर्लंच रे! फक्त झाडून घेतलेलं!" तिथं ओरांदा-झाका नावाचा दगडी फरसबंदीचा चढ आहे, म्हणजे डचांचा चढ. साडू वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी तो तीनदा चढले. एकदा पाहायला, एकदा मोजायला आणि एकदा नुसतंच. वरच्या टोकाला पाटी होती. मी वाचून सांगितलं की खरं तर इथं राहणारे बहुतेक गोरे डच नव्हतेच, पण जुन्या नागासाकीकरांना प्रत्येक परदेशी माणूस 'ओरांदा-सान'च वाटायचा, म्हणून हे नाव. साडू धापा टाकत होते. ते थांबले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे मी अधिकृत!" हे भाषांतर मी बरोबर केलं होतं. त्या दिवसातलं ते शेवटचं बरोबर भाषांतर.

देजिमा आता बेट राहिलेलं नाही. समुद्र बुजवत बुजवत शहर त्याच्या चहूकडे आलं. पण पंख्याच्या आकाराची ती जागा तशीच राखून जुनी घरं, कोठारं पुन्हा उभी केली आहेत. फाटकातून आत शिरल्यावर साडूंनी टोपी काढली. मग मिऱ्याच्या, साखरेच्या, तांब्याच्या कोठारांतून ते असे फिरू लागले की जणू घर सोडून गेलेल्या माणसानं परत येऊन भांडी मोजावीत. एका कोठारात निळं जाकीट घातलेल्या एक मार्गदर्शक बाई उभ्या होत्या. स्वयंसेवक होत्या, सत्तरीच्या पुढच्या, ठेंगण्या, डोळे अगदी लखलखीत. त्यांनी आम्ही कुठून आलो ते विचारलं. मी म्हणालो, भारत. आणि साडूंना कळलं की जाणकार भेटला.

ते बोलायला लागले. पाच मिनिटं बोलले. टोपी हातात, दुसऱ्या हातात ट्रेसिंग पेपर, आवाज चढत गेलेला, शेवटची दोन मिनिटं तर निव्वळ मालवणीत. "आमच्या घरामागं वखार. मी तिच्यात लहानाचा मोठा झालो, बाई. छप्पर नाही, पण भिंती अजून उभ्या आहेत..." तेवढ्यात माझ्या खिशात फोन थरथरला. पुण्याहून निरोप होता: सिस्टीम बंद पडली, गिऱ्हाईक तापलंय. मी हाताच्या आडोशानं तो वाचला, उत्तर टाइप केलं. साडू थांबले. दोघंही माझ्याकडे पाहत होते. माझ्या कानात तीनच शब्द उरले होते: वखार, लहानाचा मोठा, वेंगुर्ला. पुण्यात आमच्या घराच्या कोपऱ्यावर लाकडाची वखार होती. आई मला तिथं बंबासाठी ढलप्या आणायला पाठवायची. सहा वर्षं दर रविवारी वलंदाजांची वखार ऐकूनही, वखार म्हटलं की माझ्या डोक्यात आधी लाकूड येतं. मी त्या बाईंना जपानीत जे म्हणालो ते मला पाठ आहे: "हे भारतातल्या वेंगुर्ला गावी एका लाकडाच्या वखारीत लहानाचे मोठे झाले. त्यांना हे सगळं फार आवडलं."

"एवढंच?" साडू म्हणाले. "मी केवढा बोललो!"

"जपानीत थोडक्यात होतं," मी म्हणालो.

बाईंचा चेहरा एकदम उजळला. "लाकडाच्या व्यवसायातले!" त्यांनी साडूंची बाही धरली आणि आम्हाला थेट माडीच्या जिन्याखाली नेलं. तिथून तुळया दिसत होत्या. एकही खिळा न मारता दोन लाकडं एकमेकांत कशी बसवली आहेत, हे त्या बोटं बोटांत अडकवून दाखवू लागल्या. साडू हर्षानं वेडे झाले. "बघ! तिला कळलं! बाकीच्यांना बाहेरूनच दाखवतात, मला आतलं दाखवतेय!" बाईंनी विचारलं, त्यांच्याकडे कुठलं लाकूड असायचं? आता माझ्या ध्यानात आलं होतं. मिनिटभरात आलं होतं, हे मला कबूल करायचं आहे. त्या क्षणी हात जोडून, बाई, माझी चूक झाली, एवढं म्हटलं असतं तर पुरे होतं. पण एका वृद्ध जपानी बाईसमोर आपण ऐकलं नव्हतं हे सांगायचं, मग सगळं पहिल्यापासून समजवायचं. मला ते फार लांब वाटलं. मी साडूंना म्हणालो, "विचारताहेत, वखारीत लाकूड कुठलं होतं?" साडू गरजले, "साग! तुळया सागाच्या! एवढाल्या!" मी सांगितलं, "साग." बाई म्हणाल्या, "आहाऽऽ." अर्धा तास दोन माणसं दोन वेगळ्या वखारींबद्दल जीव तोडून बोलत होती, दोघांनाही वाटत होतं की इतकं समजून घेणारं माणूस आजवर भेटलं नव्हतं, आणि मी मध्ये उभा राहून दोन्हीकडचं पाणी कोमट करत होतो.

"विचारलंस ना?" बाहेर आल्यावर साडूंनी दबक्या आवाजात विचारलं. "वेंगुर्ल्याचं नाव?"

"हो."

"मग?"

"बघते म्हणाल्या. कळवतील." बाईंनी पत्ता मागितला होता, हे खरं होतं. मी माझा ग्योतोकुचा दिला होता.

बाईंची कामाची पाळी संपली होती. त्या म्हणाल्या, तुम्हाला डचांबद्दल एवढी आस्था आहे तर एक जागा दाखवते, माझ्या वडिलांचं सुतारकामाचं दुकान त्याच बाजूला होतं. ट्रामनं आम्ही गेलो. साधी रहदारीची जागा, आणि तिथं एक स्मृतिशिला. युद्धात जावाहून धरून आणलेले डच सैनिक इथं कैदी म्हणून कारखान्यात राबत होते. अणुबाँब पडला तेव्हा तो त्यांच्यावरही पडला. साडू शिलेवरची डच अक्षरं बघत राहिले. टोपी पुन्हा हातात आली. "सैनिक म्हणजे केवढे असतील रे," ते म्हणाले, "वीस, बावीस? यांना कुठं ठाऊक, आपलेच लोक इथं एकेकाळी मिरे घेऊन आले होते." तिथून आम्ही शांतीच्या बागेत गेलो. आत त्यांनी एकही पाऊल मोजलं नाही.

ट्रामच्या थांब्यावर बाईंनी निरोप घेतला. त्या साडूंसमोर उभ्या राहिल्या, हात मांड्यांवर ठेवले आणि इतक्या खोल, इतका वेळ वाकल्या की मला वाटलं त्यांना काही झालं. साडूंनी आधी नमस्कार केला, मग तेही वाकले. बाई पुन्हा वाकल्या, साडू पुन्हा वाकले. ट्राम आली, दार उघडलं, चालकानं वाट पाहिली, तरी हे चालूच. शेवटी मी साडूंना ओढून आत घेतलं. ट्राम वळेपर्यंत ते काचेतून बघत होते. "हा मान माझा नव्हे," ते म्हणाले, "वेंगुर्ल्याचा."

दोन आठवड्यांनी पत्र आलं. तीन पानं, हातानं लिहिलेली, देखणं अक्षर. मी ते एकट्यानं वाचलं आणि कपाटात ठेवलं. रविवारी साडू ताईंना घेऊन आले, शेवटच्या निरोपाचे. सोलकढीची बाटली अजून हातातच, आणि म्हणाले, "आलं?" मी नाही म्हणू शकलो असतो. पण आठवड्याभरात ते विमानात बसणार होते, आणि माझ्या तोंडात पंधरा वर्षांची सवय होती. मी कपाटातून पत्र काढून समोर धरलं आणि वाचत असल्यासारखं म्हणालो, "कळवण्यास आनंद वाटतो, की आमच्या जुन्या नोंदींत वेंगुर्ला हे नाव सापडतं."

साडू नाचले. आमच्या ग्योतोकुच्या फ्लॅटमध्ये माणसाला सरळ चालायला जागा नाही, तिथं ते नाचले. ताईंना मिठी मारायला गेले, त्यांनी सोलकढी वाचवली. मग ती मिठी मला मारली. माझ्या खांद्यावर चेहरा ठेवून म्हणाले, "पुणेकरा, तुझ्यामुळे." मी आयुष्यात पुष्कळ वाक्यं ऐकली. हे एक अजून अंगात रुतून आहे.

त्यानंतर दोन वर्षं गेली. साडू निवृत्त होऊन वेंगुर्ल्याला राहायला गेले. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मागं ताई विळीवर नारळ खवत होत्या. "अरे पुणेकरा, गावच्या वाचनालयात माझं व्याख्यान ठेवलंय! वखारीवर! छोटी पुस्तिकाही काढतोय. त्या पत्राचा स्वच्छ फोटो पाठव, मुखपृष्ठावरच टाकतो. आता म्हणू दे कुणी गुरं बांधायची जागा!"

मी म्हणालो, "साडूभाऊ, ताईंना जरा आत जायला सांगा." ताई आत गेल्या. मग मी सांगितलं. फोन, ढलप्या, लाकूड, साग, तीन पानं, सगळं. मी इतका सलग कधीच बोललो नव्हतो. मी थांबल्यावर ते म्हणाले, "पत्र आहे तुमच्याजवळ?"

तुमच्याजवळ. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून माझ्यासाठी 'अरे पुणेकरा' आणि 'मेल्या' सोडून काही ऐकलं नव्हतं.

"आहे."

"वाचा. जे लिहिलंय ते."

मी वाचलं. बाईंनी लिहिलं होतं, की बाँब पडला त्या दिवशी माझे वडील कामासाठी परगावी होते म्हणून वाचले. परत आले तर घर नाही, दुकान नाही, माणसं नाहीत, आणि शहरात लाकडाचा तुकडा मिळेना. डोंगरापलीकडच्या एका लाकूडवाल्यानं स्वतःच्या छपराच्या तुळया उतरवून त्यांना दिल्या. नावही सांगितलं नाही. मी त्या घरात जन्मले. वडिलांनी त्या माणसाला पुढं खूप शोधलं, एकदा समोर उभं राहून वाकायचं होतं, पण तो सापडला नाही. त्या दिवशी मी आपल्यासमोर वाकले तेव्हा मनात तो होता. आपल्याला न सांगता आपल्याकडून हे करून घेतलं, क्षमा असावी.

साडूंनी चष्मा काढला. "आणि मी कसा वाकलो रे," ते जणू दुसऱ्याच कुणाला म्हणाले, "ऐटीत. गावाचा मान म्हणून." मग माझ्याकडे पाहिलं. "तिला पत्र लिहायचं. मी सांगतो, तुम्ही जपानीत लिहा. मी लाकडाच्या धंद्यातला नाही, हे आधी. तुमचा नमस्कार चुकून माझ्याकडे आला, तो मी त्या माणसाच्या नावानं, देवासमोर दिवा लावून, पोचता केला आहे, हे नंतर."

"तुम्ही कधी लावलात?"

"आता उठून लावतो."

"आणि वेंगुर्ल्याचं विचारू? आता तरी?"

"नको!" ते एकदम म्हणाले. "तिनं आपल्या बापाची गोष्ट लिहिली, आणि आपण त्याखाली आपलं काम चिकटवायचं? नको."

मी पत्र लिहिलं. एका वाक्याला एक वाक्य. मधला गैरसमज कुणामुळे झाला तेही लिहिलं, साडूंनी सांगितलं नव्हतं तरी. त्याला अजून उत्तर नाही. साडू मधूनमधून फोन करतात, माझ्या मुलीची चौकशी करतात, अजून 'तुम्ही'च म्हणतात.

पुस्तिका निघाली नाही. व्याख्यान मात्र झालं. ताई फोनवर माझ्या बायकोला आणि मला कौतुकानं सांगत होत्या. त्या दिवशी आत पाठवल्या गेल्या ते गेल्याच, त्यांना आजही यातलं काही ठाऊक नाही. हॉल भरला होता म्हणे. साडूंनी स्टेजवर पावलं टाकून अख्खी वखार उभी केली, पहिल्या रांगेतल्या मुख्याध्यापकांना तोफेच्या जागी बसवलं, लोक पोट धरून हसले. शेवटी एका बाईंनी विचारलं, तुम्ही नागासाकीपर्यंत गेलात, मग तिथल्या कागदांत आपल्या गावाचं नाव आहे का हो? "तर हे काय म्हणाले असतील?" ताई म्हणाल्या. "म्हणाले, माहीत नाही. तिथपर्यंत गेलो, पण उत्साहाच्या भरात विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. इतका वेंधळा माणूस बघितलाय का?"

बायको हसली. मी "हो का" म्हणालो, आणि हे लिहायला बसलो. कारण त्यांच्याकडून काही राहिलं नव्हतं. त्यांनी विचारलं होतं. भर दुपारी, टोपी हातात घेऊन, पाच मिनिटं, मराठीत आणि मालवणीत, त्या कोठारातल्या तुळया दणाणून सोडत त्यांनी विचारलं होतं. मी ऐकत नव्हतो.